एकांतातला दुसरा ओटा

उतारवयातील एकांताविषयी ग्रंथकारांनी जितके लिहिले आहे तितके तो प्रत्यक्ष भोगणाऱ्यांनी लिहिलेले नाही, आणि याचे कारण उघड आहे. ज्याला एकांत लाभला त्याला लिहिण्याची गरज वाटली नाही, आणि ज्याला तो लाभला नाही त्याने तो किती रम्य असेल याची वर्णने करण्यात वेळ घालवला. मनुस्मृतीने वानप्रस्थाश्रमाची, म्हणजे गृहस्थाने घरदार सोडून वनात राहायला जाण्याच्या तिसऱ्या अवस्थेची, वेळ मोठ्या व्यवहारी रीतीने ठरवून दिली आहे. अंगावर सुरकुत्या दिसू लागल्या, केस पिकले आणि नातवंडाचे तोंड पाहिले, की माणसाने निघावे. यांपैकी सुरकुत्यांकडे छत्रपती संभाजीनगरातील प्रौढ नागरिक काणाडोळा करतो, पिकल्या केसांवर कलप लावतो, आणि तिसऱ्या लक्षणाचा अर्थ तर नेमका उलटा घेतो, कारण नातवंड झाले की वनात नव्हे तर पुण्यात जावे लागते, आणि तेही बाळंतपण, पाळणाघर न परवडणे आणि पहिलीचा प्रवेश अशा तीन हप्त्यांत.

या प्रकारच्या स्थलांतराला या भूमीत जुना आधार आहे. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने आपली राजधानी दिल्लीहून देवगिरीला, म्हणजे आजच्या दौलताबादला, हलवली आणि काही वर्षांतच ती परत नेली. शाळेत हा प्रसंग लहरीपणाचा नमुना म्हणून शिकवतात, पण हा धडा तीस वर्षे शिकवून सेवानिवृत्त झालेल्या सिडकोतील मुख्याध्यापकाला आता त्यात काही वावगे दिसत नाही. त्याचीही राजधानी दिवाळीनंतर पुण्यातल्या वाकडला हलते, औषधांचा डबा, रक्तदाबाचे यंत्र आणि जाड भिंगाचा चष्मा यांच्यासह बाराव्या मजल्यावर स्थापन होते, आणि लिफ्टमध्ये भेटणारा माणूस ‘जेवलात का?’ असे न विचारता हातातल्या मोबाइलकडे पाहत राहतो हे ध्यानात आल्यावर होळीच्या आत परत येते. पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत असल्याने, तुघलकाप्रमाणेच हे स्थलांतरही सरकारी तिजोरीच्याच खर्चाने पार पडते.

जे जात नाहीत किंवा परत येऊन पुन्हा जायला नकार देतात, ते एकटे राहतात. त्यांचे हे राहणे समजून घेण्यासाठी दोन आधार उपयोगी पडतात, आणि त्यांच्यात सुमारे दोन हजार वर्षांचे अंतर आहे. १९५८ मध्ये, म्हणजे शहरात मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले त्याच वर्षी, डॉनल्ड विनिकॉट या इंग्रज मनोविश्लेषकाचा एकटे राहण्याच्या क्षमतेवरील निबंध प्रसिद्ध झाला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की एकटे राहता येणे ही मनाच्या प्रौढपणाची खूण असून माणूस ती विद्या तान्हेपणीच शिकतो, मात्र शिकतो तो आई जवळपास असताना. आई तिच्या कामात आणि मूल त्याच्या खेळात, कोणी कोणाशी बोलत नाही, तरीही दुसरे माणूस हाकेच्या अंतरावर आहे या भरवशावरच मुलाला एकटे राहणे जमते. ही गोष्ट अजिंठ्याच्या कारागिरांना निबंध न वाचताच ठाऊक होती. वर्षावासासाठी, म्हणजे पावसाळ्यात भटकंती थांबवून एका जागी राहण्याच्या भिक्षूंच्या प्रथेसाठी, वाघूर नदीच्या घळीत जी लेणी खोदली गेली, त्यांतील बाराव्या क्रमांकाच्या प्राचीन विहारात तीन बाजूंना चार-चार अशा बारा खोल्या आहेत, आणि या प्रत्येक खोलीत झोपण्यासाठी दगडी ओटे आहेत ते दोन. घर, संसार आणि नातीगोती सोडून, जंगल तुडवून आलेल्या विरक्तालासुद्धा शेजारी घोरणारे एक माणूस पुरवण्याची ही व्यवस्था होती. कलेच्या अभ्यासकांनी अजिंठ्याच्या चित्रांवर जेवढी शाई खर्च केली, तिचा शतांश या दुसऱ्या ओट्यावर खर्च झाला असता तर वृद्धकल्याणाच्या पुष्कळ समित्या वाचल्या असत्या.

आजच्या छत्रपती संभाजीनगरात हा दुसरा ओटा नळाने पुरवला आहे. पैठणजवळ गोदावरीवर बांधलेल्या जायकवाडी धरणाचा नाथसागर शहरापासून जेमतेम पन्नास किलोमीटरवर पसरलेला आहे, आणि या शहराचा पाया घालणाऱ्या मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी डोंगरातले पाणी भूमिगत नहरींतून, म्हणजे जमिनीखालच्या बांधीव पाटांतून, गावात खेळवले होते. तरीही अलीकडच्या अनेक वर्षांत बहुतेक वस्त्यांना नळाचे पाणी रोज मिळत नाही, ते काही दिवसांच्या अंतराने येते, आणि त्याची नेमकी घटिका पंचांगातही सापडत नाही. त्या दिवसाला ‘पाण्याचा दिवस’ म्हणतात. त्या दिवशी गल्लीतला नोकरदार वाळूजला कंपनीत असतो, त्याची पत्नी शाळेत आणि मुले क्लासला. घरी असणारे, कान नळाकडे लावून बसू शकणारे आणि कोणत्या घराच्या मोटरीचे बटण कोणत्या दाराआड आहे हे जाणणारे माणूस एकच उरते, ते म्हणजे एकट्या राहणाऱ्या आजी. ज्या आजींच्या एकटेपणाची काळजी परदेशातला मुलगा आणि बंगळुरूची मुलगी दर रविवारी व्हिडिओ कॉलवर आळीपाळीने वाहतात, त्यांच्या स्वयंपाकघरातल्या खिळ्याला प्रत्यक्षात शेजारच्या चार घरांच्या किल्ल्या लोंबत असतात. गल्लीच्या तोंडाशी कोणीतरी ‘आलं, आलं!’ असे ओरडताच वॉकर बाजूला ठेवून, तो डॉक्टरांनी सक्तीचा केला आहे हे विसरून, आजी निघतात. पहिल्या धारेचे गढूळ पाणी कुंड्यांना, मग कळशीच्या तोंडाला दुहेरी फडके बांधून पिण्याचे, मग हौद, मग ड्रम, आणि शेवटी ज्या घराचा नळ गळका आहे तेथे त्याच्याखाली पातेले. स्वतः आजींना दिवसाकाठी दोन बादल्या पुरतात. साठवण मात्र एका वऱ्हाडाची असते, कारण ‘कोणी आलं तर?’ या प्रश्नाला उत्तर देऊ शकेल असे तत्त्वज्ञान अजून निर्माण झालेले नाही. रविवारच्या कॉलवर मुलगा ‘आई, दिवसभर काय करतेस गं?’ असे विचारतो तेव्हा आजी ‘काही नाही रे, निवांत’ एवढेच सांगतात, आणि हे विधान असत्य आहे असे म्हणता येत नाही.

एकट्याचा स्वयंपाक हा पाकशास्त्राचा उपेक्षित विभाग होय. सर्व पाककृती चार व्यक्तींसाठी लिहिलेल्या असतात आणि एका व्यक्तीसाठी चमचाभर मोहरीचे चार भाग करावेत की मोहरीच वगळावी याचे मार्गदर्शन कोठेही नसते. औरंगपुऱ्याच्या भाजीबाजारात पाव किलो भेंडी मागणाऱ्या ज्येष्ठाकडे ‘एवढुशी काय नेता बाबा, अर्धा घ्या’ असे म्हणत विक्रेती ज्या नजरेने पाहते, ती नजर चुकवण्यासाठी अनेकांनी भेंडीच सोडली आहे. मात्र मराठवाड्याच्या स्वयंपाकघराने या प्रश्नाची सोय फार पूर्वी करून ठेवली. येसर, म्हणजे धान्ये, डाळी आणि मसाले भाजून एकत्र दळलेले पीठ, डब्यात भरलेले असले की फोडणीच्या उकळत्या पाण्यात ते कालवावे, आमटी तयार होते. लग्नाच्या पंगतीसाठी रूढ झालेला हा पदार्थ एका वाटीपुरताही तितक्याच निष्ठेने होतो. दुसरा आधार धपाट्यांचा. ज्वारीच्या पिठात बेसन, लसूण, तिखट, मीठ, कोथिंबीर घालून ओल्या फडक्यावर थापायचे आणि फडक्यासकट उचलून तव्यावर उलटायचे, या क्रियेत आकाराला पहिल्यापासूनच फारसे महत्त्व नसते. बायकोकडे चाळीस वर्षे गोल पोळीचा आग्रह धरणारा गृहस्थ वैधव्याच्या पुरुषी रूपात, म्हणजे विधुरावस्थेत, पहिल्यांदा स्वतः थापायला बसतो, फडक्यावरून निघालेली वस्तू तव्याच्या एका कडेने बाहेर डोकावते, तिचा एक कोपरा करपतो आणि दुसरा कच्चा राहतो, आणि त्या क्षणापासून भूमितीविषयी तो कमालीचा उदार होतो. ही उदारता दहा वर्षे आधी आली असती तर घरात शांतता नांदली असती, हे त्यालाही कळते. पण ते ऐकायला स्वयंपाकघरात आता कोणी नसते, म्हणून तो दह्याची वाटी घेऊन खायला बसतो.

अपुऱ्यावर भागवण्याचे शिक्षण या शहराला त्याच्या इमारतींनीच दिले आहे. औरंगजेब बादशहाची पत्नी दिलरास बानू बेगम हिच्या स्मरणार्थ सतराव्या शतकात उभारलेल्या बिबी का मकबऱ्याचा स्थपती अताउल्ला हा ताजमहालाशी ज्याचे नाव जोडले जाते त्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा होता, त्यामुळे कसबाची उणीव नव्हती. उणीव पैशाची होती. मकबऱ्याचा खर्च ६,६८,२०३ रुपये ७ आणे झाल्याचे सांगितले जाते, आणि ताजमहालाचा खर्च याच्या कितीतरी पट होता. साम्राज्याच्या वैभवशाली काळात एका बेगमेच्या कबरीचा हिशेब सात आण्यांपर्यंत ठेवला गेला, ही गोष्ट विजेच्या बिलातील सुट्या पैशांवरून खिडकीतल्या कारकुनाशी वाद घालणाऱ्या निवृत्तिवेतनधारकाला मनापासून आपली वाटते. परिणाम भिंतीवर दिसतो. खाली कमरेइतक्या पट्टीपर्यंत संगमरवर आहे, वर घुमट पुन्हा संगमरवरी आहे, आणि मधला मोठा भाग काळ्या दगडावर केलेल्या गुळगुळीत चुन्याच्या गिलाव्याचा आहे. सत्तरी ओलांडलेल्या देहाची रचना याहून फारशी वेगळी नसते, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेमुळे डोळे नवे, पुढचे चार दात नवे, एक गुडघा नवा, आणि मधला सगळा मजकूर गिलाव्याचा. पर्यटक आणि मार्गदर्शक मकबऱ्याला गरिबांचा ताज म्हणतात, नक्कल म्हणतात, तुलनेसाठी मान वाकडी करतात. मकबऱ्याला याचे काही वाटत असल्याचे आजवर दिसून आलेले नाही. या शहराची प्रसिद्ध हिमरू शालसुद्धा जरीच्या किमखाबाची ऐपत नसलेल्यांसाठी सूत आणि रेशीम एकत्र विणून काढलेली तोड होय, आणि आज तीच भेट म्हणून दिली जाते. जपानात फुटलेले भांडे सोन्याच्या भुकटीने सांधण्याची किंत्सुगी नावाची कला आहे आणि तिच्यावर सध्या जाड कागदाची देखणी पुस्तके निघतात. गारखेड्यात तेच काम एमसीलने होते, त्याला पुस्तक लागत नाही, आणि कान जोडलेल्या कपातून चहा गळत नाही एवढी एकच कसोटी त्याला लावली जाते.

अपुऱ्या राहिलेल्या कामांविषयीही येथे फार लाज बाळगली जात नाही. अजिंठ्याचे चोविसाव्या क्रमांकाचे लेणे पुरे झाले असते तर तेथील सर्वांत मोठ्या विहारांत गणले गेले असते. राजाश्रय आटल्यावर कारागीर अर्धवट कोरलेले खांब तसेच सोडून निघून गेले. सेवानिवृत्तीच्या निरोपसमारंभात ‘आता छंद जोपासा’ असे सांगितले गेल्यामुळे ज्यांनी हार्मोनियम घेतली, मोडी लिपीचा वर्ग लावला आणि कुळाचा इतिहास लिहायला घेतला, त्यांची हार्मोनियम ‘सारेगम’वर, मोडी ‘क’च्या बाराखडीवर आणि इतिहास खापरपणजोबांच्या दुसऱ्या लग्नावर थांबलेला असतो. पहिली दोन वर्षे याचे शल्य वाटते. मग हार्मोनियमवर वर्तमानपत्रांची रद्दी ठेवण्याइतकी जागा आहे असा शोध लागतो.

याउलट, अपुरे काम सोडवत नाही अशा वृद्धाचे काय होते याचा दाखलाही याच परिसरात आहे. औरंगजेबाचा जन्म १६१८ चा. महाराष्ट्र शासनाचा अठ्ठावन्न वर्षांचा नियम त्याला लागू असता तर तो १६७६ मध्ये नारळ, शाल आणि भाषणे घेऊन निवृत्त झाला असता, आणि दख्खनचे पुष्कळ कष्ट वाचले असते. त्याऐवजी वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी तो दक्षिणेत उतरला, पंचवीस वर्षे एका किल्ल्यावरून दुसऱ्या किल्ल्यावर फिरला, परत गेलाच नाही, आणि १७०७ मध्ये अहिल्यानगरजवळ भिंगारला मरण पावला. मुलांना लिहिलेल्या अखेरच्या पत्रांत एकटेपणाची आणि हातून काही न झाल्याची खंत आहे. लाखाची छावणी सभोवती असताना एकटे पडणारा हा माणूस, आणि दोन खोल्यांच्या घरात चार किल्ल्या सांभाळणाऱ्या आजी, यांच्यात अधिक समृद्ध कोण याचा निर्णय मनसबदारीच्या आकड्यांवरून होणार नाही. शहराला पुढे नाव लाभले तेही त्याने ज्यांना क्रूरपणे ठार केले त्या छत्रपती संभाजी महाराजांचे.

एकटे राहून संतुष्ट असणाऱ्याविषयी समाजाला संशय वाटतो, आणि या संशयाचे सर्वांत संघटित रूप म्हणजे हास्य क्लब. डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ मध्ये मुंबईच्या एका बागेत सुरू केलेली ही चळवळ, ज्यात विनोदाशिवाय हसण्याचा व्यायाम म्हणून सराव केला जातो, आता गावोगावच्या बागांत पोहोचली आहे. पहाटे सहा वाजता हात वर करून गडगडाटी हसणाऱ्या गटाच्या शेजारून जो ज्येष्ठ न हसता, नुसताच झाडांकडे पाहत जातो, त्याला ‘काका, या ना, मन मोकळं करा’ असे बोलावले जाते. त्याचे मन आधीच मोकळे आहे आणि म्हणूनच तो झाडांकडे पाहू शकतो, ही शक्यता गृहीत धरलेली नसते. लॉरा कार्स्टेन्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी मांडलेला सिद्धांत अशा काकांच्या बाजूचा आहे. पुढचा काळ मर्यादित आहे हे उमगल्यावर माणूस ओळखीपाळखीचा पसारा आपणहून कमी करतो, मोजकी जवळची माणसे ठेवतो, आणि त्यामुळे दुःखी न होता बहुधा अधिक समाधानी होतो, असे त्या सांगतात. व्यवहारात याचा पहिला टप्पा ‘सुप्रभात’चे फुलपाखरू पाठवणारे गट निःशब्द करणे हा असतो, दुसरा टप्पा त्यांतून बाहेर पडणे, आणि तिसरा, सर्वांत कठीण, बाहेर का पडलात असे विचारायला घरी आलेल्या गटप्रमुखाला चहा देऊन खुलासा न करणे.

या निवांतपणाचे वर्णन करताना एक गोष्ट लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. तो फुकट मिळत नाही. वर आलेले मुख्याध्यापक आणि आजी यांच्या मागे दरमहा सरकारी निवृत्तिवेतन आहे, सिडकोचे घर स्वतःच्या नावावर आहे आणि गुडघा बदलायला पैसे होते. वाळूज आणि चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतींत आयुष्य घालवलेल्या कामगाराला १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत किमान रक्कम मिळते ती महिना १,००० रुपये, आणि २०१४ मध्ये ठरलेल्या या आकड्यात समाधान शोधण्यासाठी लागणारी विरक्ती बाराव्या लेण्यातल्या भिक्षूकडेही असेल याची खात्री नाही. नाक्यावर सत्तराव्या वर्षी रखवालदारी करणारा म्हातारा एकांतातच असतो, रात्रभर असतो. त्याला कोणी त्याविषयी लेख लिहायला सांगत नाही. शिवाय ज्यांच्याकडे सगळे आहे त्यांनाही न्हाणीघरात पाय घसरल्यावर पहिली आठवण येते ती विनिकॉटची नव्हे, तर आपल्या घराची किल्ली शेजारी कोणाकडे आहे याची. आजींनी आपली पाचवी किल्ली समोरच्या शिंपीकाम करणाऱ्या बाईकडे ठेवली आहे, आणि त्या बदल्यात तिच्या शिलाईयंत्राच्या आवाजाविषयी दुपारच्या झोपेतही तक्रार करीत नाहीत. तो आवाज थांबला तरच त्यांना जाग येते.

एकट्या ज्येष्ठाला एकटे राहू न देण्याचा पण केलेली आणखी एक यंत्रणा उरते, ती शासनाची. दर नोव्हेंबरात निवृत्तिवेतनधारकाला हयातीचा दाखला, म्हणजे आपण अद्याप मरण पावलेलो नाही असे प्रमाणपत्र, सादर करावे लागते, आणि माणूस स्वतः खिडकीपुढे उभा असणे हा त्यासाठी पुरेसा पुरावा मानला जात नाही. २०१४ मध्ये ‘जीवन प्रमाण’ ही संगणकीय पद्धत आली तेव्हा आधी अंगठ्याचा ठसा घेत. पण साठ वर्षे भांडी घासलेल्या किंवा खडूने फळ्यावर लिहिलेल्या अंगठ्यावर रेषाच उरत नाहीत, त्यामुळे यंत्र अनेक जिवंत माणसांना मानेना, आणि ती माणसेही दोन-तीन प्रयत्नांनंतर बोट पुसून यंत्राशी सहमत होण्याच्या बेतात येत. आता मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे चेहरा धरून पापणी लववली की काम होते, म्हणजे शासनाच्या लेखी पापणीची ही एक उघडझाप बारा महिन्यांच्या आयुष्याची हमी ठरते. गेल्या खेपेला आजींनी हे काम समोरच्या बाईच्या कॉलेजातल्या मुलीकडून अंगणातच उरकून घेतले, नळाला पाणी यायच्या आत; आणि रविवारी मुलाने नेहमीप्रमाणे आठवडाभर काय केलेस असे विचारले तेव्हा, तो हादरून पुढची फ्लाइट शोधू लागेल याची पर्वा न करता, सांगितले, ‘सरकारला डोळा मारला.’